सोळा सेलच्या लिथियम पॅकला बीएमएस बसवताना

सांगली जिल्ह्यात घराच्या, दुकानाच्या आणि दूध संकलन केंद्राच्या इन्व्हर्टरला शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेटचे सुटे सेल आणून पॅक बांधणारे वायरमन आणि हौशी तंत्रज्ञ आता गावोगावी भेटतात. सेल, बसबार (सेलची टोके जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि केबल यांचे काम त्यांतील बहुतेकांना चांगले येते. चुका होतात त्या बीएमएस म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीमचा कंट्रोलर जोडताना. त्यासाठी एक ठरावीक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून येथे सर्व काम क्रमाने दिले आहे. वाळवा तालुक्यातील एखाद्या गावात खाली दूध संकलन केंद्र व वर घर आहे, छतावर सोलर पॅनेल आहेत आणि ४८ व्होल्टचा, ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर आहे, असे समजू. सकाळ-संध्याकाळच्या संकलनाच्या वेळी वजनकाटा, फॅट मशीन, संगणक आणि प्रिंटर एक क्षणही बंद पडता कामा नये. त्यासाठी २८० एएचचे (अँपिअर-तास, म्हणजे साठ्याचे माप) १६ सेल एकसरीत, म्हणजे एकामागून एक जोडलेले आहेत. एका सेलचा नाममात्र दाब ३.२ व्होल्ट, म्हणून पॅक ५१.२ व्होल्टचा, आणि त्यात पूर्ण भरल्यावर साधारण १४ युनिट वीज साठते.

बीएमएस प्रत्येक सेलचा दाब स्वतंत्रपणे वाचतो, प्रवाह आणि तापमान पाहतो, आणि एकही सेल मर्यादेबाहेर गेला तर आतील मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद करून चार्जिंग किंवा डिस्चार्जिंग तोडतो. येथे एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. रोजचे चार्जिंग कोठे थांबवायचे आणि बॅटरी किती उतरू द्यायची, हे ठरवणे इन्व्हर्टरचे आणि सोलर चार्जरचे काम आहे. बीएमएस ही शेवटची राखण आहे. ज्या पॅकमध्ये बीएमएस आठवड्यातून दोनदा तुटतो, म्हणजे पुरवठा तोडतो, त्या पॅकची मांडणी किंवा सेटिंग चुकलेले आहे, आणि तेथे बीएमएसच्या मर्यादा सैल करणे हा उपाय नव्हे.

बीएमएस निवडताना

५ किलोवॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराने चालू असताना आणि पॅक ४८ व्होल्टपर्यंत उतरलेला असताना, इन्व्हर्टरमधील नुकसान धरून बॅटरीतून सुमारे ११३ अँपिअर प्रवाह निघतो. म्हणून १०० अँपिअरचा बीएमएस अपुरा ठरतो. १५० अँपिअरचा घ्यावा. खोक्यावर छापलेला आकडा सतत वाहणाऱ्या प्रवाहाचा आहे की काही सेकंदांच्या झटक्याचा, हे माहितीपत्रकात पाहावे. सेलची संख्या १६ आणि प्रकार लिथियम आयर्न फॉस्फेट याच दोन्ही गोष्टी त्यावर असल्या पाहिजेत, कारण इतर बहुतेक लिथियम सेल ४.२ व्होल्टपर्यंत चढतात आणि त्यांच्यासाठीचा न बदलता येणारा बीएमएस आपल्या सेलना वेळेवर वाचवणार नाही.

बॅलन्सिंगच्या, म्हणजे सर्व सेल सारखे भरलेले ठेवण्याच्या बाबतीत विचार करून खर्च करावा. साध्या, म्हणजे पॅसिव्ह प्रकारात जास्त भरलेल्या सेलमधील वीज रोधकात जाळली जाते आणि तो प्रवाह बहुधा ०.१ अँपिअरच्या आतच असतो. २८० एएचच्या सेलमध्ये ५ एएचचा फरक असेल, तर ०.१ अँपिअरने तो भरून काढायला ५० तास लागतात. आणि बॅलन्सिंग फक्त चार्जिंगच्या अखेरच्या टप्प्यात चालते हे लक्षात घेतले, तर त्याला महिनेही लागू शकतात. १ किंवा २ अँपिअरचा ॲक्टिव्ह, म्हणजे वीज न जाळता एका सेलमधून दुसऱ्यात नेणारा बॅलन्सर असलेला बीएमएस महाग पडतो, पण एवढ्या मोठ्या सेलना माझ्या मते तोच घ्यावा.

जागा

सांगलीत जागेचा विचार पुरापासून सुरू करावा लागतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट धरली जाते आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात आपल्या भिंतीवर पाणी जेथपर्यंत आले, त्या खुणेच्या वर पॅक आणि बीएमएस दोन्ही बसवता येत नसतील, तर खालच्या मजल्यावर ते बसवूच नयेत. जिन्याखालची अडचणीची जागा सोयीची वाटते, परंतु पाणी आणि ओल तेथेच आधी पोहोचते.

दुसरा प्रश्न उन्हाचा आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखालचे तापमान बाहेरच्या सावलीपेक्षा बरेच वर जाते. हे सेल साधारण ५५ अंशांपर्यंत चार्ज करता येतात असे माहितीपत्रक सांगते, पण ४० च्या पुढे सतत राहिल्यास त्यांचे आयुष्य घटते. पत्र्याच्या छताखालचा माळा टाळावा आणि स्लॅबखालची, वारा खेळणारी, शक्यतो उत्तरेकडच्या भिंतीची जागा निवडावी. पॅक झोपण्याच्या खोलीत किंवा लाकडी फळीवर ठेवू नये.

तिसरा मुद्दा आपल्या भागापुरता आहे, पण फार महत्त्वाचा आहे. तासगाव, मिरज, खानापूर या द्राक्षपट्ट्यात फवारणीची औषधे ठेवलेल्या खोलीतच इन्व्हर्टर असतो. गंधकाने तांबे काळे पडते आणि मोरचूद ओल धरून गंज चढवतो; सेन्स वायरीच्या (प्रत्येक सेलचा दाब बीएमएसला कळवणाऱ्या तारांच्या) बारीक पिनांवर असा थर बसला की बीएमएस चुकीचे दाब वाचू लागतो. हळदीच्या गोदामातली धूळही दमट हवेत पिनांमध्ये जाऊन बसते. अशा ठिकाणी पॅकला झाकणाची लोखंडी पेटी करावी, हवेच्या झरोक्यांना बारीक जाळी लावावी आणि पेटीला अर्थिंग द्यावे. बॅटरीची निगेटिव्ह मात्र इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात तसे सांगितले असल्याशिवाय अर्थला जोडू नये.

हात लावण्यापूर्वी

५१ व्होल्टचा शॉक सहसा जीवघेणा नसतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. धोका प्रवाहाचा आहे. या सेलचा अंतर्गत रोध मिलिओहमच्या चौथाईपेक्षाही कमी असतो, त्यामुळे पाना दोन टोकांवर आडवा पडला तर हजारो अँपिअर वाहतात आणि लोखंड वितळून डोळ्यांत उडू शकते. अंगठी, कडे, घड्याळ आणि गळ्यातली साखळी काढून ठेवावी. वापरायच्या पान्याला टोक सोडून पूर्ण लांबीपर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळावी. डोळ्यांना चष्मा लावावा. ज्या सेलवर काम चालू नाही, त्यांची टोके रबराच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या तुकड्याने झाकलेली असावीत. इन्व्हर्टरची एसी बाजू, म्हणजे महावितरणच्या पुरवठ्याकडची जोडणी, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

सेल आणि बसबार

सेल जोडण्यापूर्वी प्रत्येकाचा दाब मल्टिमीटरने मोजून सेलवर मार्करने क्रमांक आणि दाब लिहावा. नवीन सेल बहुधा ३.२८ ते ३.३१ व्होल्ट दाखवतात. या सेलचा दाब मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो. त्यामुळे दोन सेलमध्ये ०.०१ व्होल्टचा फरक दिसला, तरी त्यांच्यातील साठ्यात बराच फरक असू शकतो. एखादा सेल इतरांपेक्षा ठळकपणे खाली असेल, फुगलेला असेल किंवा त्याचे निळे आवरण फाटलेले असेल, तर तो बाजूला काढावा. सेलची ॲल्युमिनियमची पेटी विद्युतदृष्ट्या कोरी नसते. म्हणून दोन सेलमध्ये फायबरची किंवा इपॉक्सीची पातळ शीट ठेवावी, केवळ निळ्या आवरणावर विसंबू नये.

सेलची टोके ॲल्युमिनियमची असतात आणि ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो. बसबार बसवण्याच्या अगदी आधी टोक बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे. सकाळी घासून ठेवायचे आणि दुपारी बसवायचे, असे करू नये. नट आवळताना टॉर्क पाना वापरावा. एम६ स्टडसाठी सेल बनवणारे बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटर सांगतात. आपल्या सेलच्या माहितीपत्रकातला आकडा प्रमाण मानावा. जास्त आवळल्यास ॲल्युमिनियममधले आटे निघून येतात आणि तो सेल वाया जातो. कमी आवळल्यास जोडाचा रोध वाढतो: एका जोडाचा रोध केवळ १ मिलिओहम झाला, तरी १०० अँपिअरला तेथे १० वॅट उष्णता तयार होते आणि ०.१ व्होल्ट दाब खाल्ला जातो. बीएमएसला तो दाब सेलचाच वाटतो. खराब जोड आणि खराब सेल यांतला फरक त्याला कळत नाही, हे पुढच्या सर्व वाचनांच्या वेळी ध्यानात ठेवावे.

सेन्स वायरी

सर्वांत जास्त वेळ आणि लक्ष येथे द्यावे. १६ सेलना १७ सेन्स वायरी लागतात. पहिली, बहुधा काळी वायर पॅकच्या मुख्य निगेटिव्हला, म्हणजे पहिल्या सेलच्या निगेटिव्हला जाते. तिला बी-शून्य म्हणतात. दुसरी पहिल्या सेलच्या पॉझिटिव्हला, तिसरी दुसऱ्या सेलच्या पॉझिटिव्हला, याप्रमाणे जात शेवटची वायर सोळाव्या सेलच्या पॉझिटिव्हला, म्हणजे पॅकच्या मुख्य पॉझिटिव्हला पोहोचते. २० किंवा २४ सेलपर्यंत चालणारा बीएमएस १६ सेलना वापरत असाल, तर उरलेल्या वायरींचे काय करायचे हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते: कोठे त्या मोकळ्या सोडायच्या असतात, कोठे शेवटच्या पॉझिटिव्हलाच एकत्र जोडायच्या असतात. येथे अंदाज चालत नाही. त्याच मॉडेलचा नकाशा पाहावा.

काम सुरू करताना कनेक्टर बीएमएसमधून पूर्ण बाहेर काढून दूर ठेवावा आणि सर्व वायरी जोडून, मोजून होईपर्यंत तो आत घालू नये. प्रत्येक वायरीला दोन्ही बाजूंना क्रमांकाची चिठ्ठी लावावी. वायर लांबीला पुरेशी ठेवून कापावी, पण वेटोळी उरू देऊ नयेत. टोकाला योग्य मापाचा गोल लग (धातूची कडी) क्रिंप करावा, म्हणजे दाबून पक्का बसवावा आणि क्रिंप केल्यावर हाताने ओढून पाहावा. लग बसबारच्या वर, नटच्या खाली यावा. बसबार आणि सेलचे टोक यांच्यामध्ये तो कधीही घालू नये, कारण मग मुख्य प्रवाह त्या पातळ पत्र्यातून जाऊ लागतो आणि तो जोड तापतो.

या वायरी बारीक असल्या, तरी त्यांच्या मागे पूर्ण सेल उभा असतो. बसबारच्या कडेला घासून एखाद्या वायरीचे आवरण निघाले, तर ती वायर फ्यूजसारखी जळते आणि शेजारच्या वायरींनाही जाळते. म्हणून सर्व वायरी एका स्लीव्हमधून, बसबारच्या धारेपासून दूर न्याव्यात. प्रत्येक सेन्स वायरीच्या मुळाशी लहान फ्यूज बसवता आला, तर अधिक चांगले.

पॅक दोन ओळींत किंवा दोन पेट्यांत बांधला असेल आणि आठव्या व नवव्या सेलमध्ये लांब केबल असेल, तर तेथे एक बारकावा आहे. ३५ चौरस मिलिमीटरच्या अर्धा मीटर तांब्याच्या केबलचा रोध सुमारे ०.२५ मिलिओहम असतो. १०० अँपिअरला तिच्यावर ०.०२५ व्होल्ट पडतात. सेन्स वायर केबलच्या ज्या टोकाला जोडली असेल, त्यानुसार हा दाब आठव्या किंवा नवव्या सेलच्या खात्यात जातो. परिणामी चांगला सेल डिस्चार्जिंगमध्ये कमी आणि चार्जिंगमध्ये जास्त दाब दाखवतो, आणि ॲक्टिव्ह बॅलन्सर प्रत्यक्षात नसलेला फरक मिटवायला जातो. ही केबल शक्य तितकी आखूड आणि जाड ठेवावी, आणि कोणत्या सेलचे वाचन तिच्यामुळे ढळते, हे पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावे.

आता मोजणी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी प्रोब कनेक्टरमधील बी-शून्याच्या पिनेला लावावी आणि लाल प्रोब एकेका पिनेवर पुढे सरकवावी. सेल ३.३ व्होल्टचे असतील, तर ३.३, ६.६, ९.९, १३.२ असे चढत चढत शेवटी ५२.८ आले पाहिजे. त्यानंतर शेजारच्या दोन-दोन पिना मोजाव्यात. प्रत्येक वेळी ३.३ च यावे. ही दुसरी मोजणी कंटाळवाणी वाटते, पण तीच चूक उघडी पाडते. समजा पाचवी आणि सहावी वायर एकमेकींच्या जागी गेली आहे, तर शेजारच्या पिनांची वाचने तेथे ६.६, मग उणे ३.३, मग पुन्हा ६.६ अशी येतील. बीएमएसच्या प्रत्येक सेल-खान्याला अपेक्षित दाब ५ व्होल्टच्या आतबाहेरचा असतो, ६.६ व्होल्ट किंवा उलटा दाब पोहोचला, तर त्या खान्याचे सर्किट कनेक्टर घालताक्षणीच जळते आणि ते दुरुस्त करण्यापेक्षा नवीन बीएमएस घेणे बहुधा स्वस्त पडते. प्रोबचे टोक जाड असल्यास दोन पिना एकत्र टेकतात. त्यासाठी प्रोबला टाचणी किंवा बारीक वायर बांधून वरची बाजू टेपने झाकावी.

मल्टिमीटरने दाब बरोबर आला म्हणजे क्रिंप चांगले आहे, असे मात्र ठरत नाही. मल्टिमीटर इतका नगण्य प्रवाह घेतो, की एका धाग्यावर लटकणारी वायरही त्याला पूर्ण दाब दाखवते. बॅलन्सर १ अँपिअर ओढू लागला की त्याच वायरीवरचा दाब खाली कोसळतो. काही बीएमएसच्या ॲपमध्ये प्रत्येक सेन्स वायरीचा रोध दिसतो. सर्व आकडे जवळपास सारखे असावेत, आणि एकच वेगळा दिसला तर त्या वायरीचे क्रिंप कापून पुन्हा करावे.

तापमानाचे सेन्सर सेलच्या अंगाला, पॅकच्या मध्यभागी, जेथे उष्णता कोंडते तेथे कॅप्टन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) चिकटवावेत. पेटीच्या कडेच्या सेलला लावलेला सेन्सर खरे चित्र दाखवत नाही. सेन्सरची धातूची टोके बसबारला टेकणार नाहीत, याची खात्री करावी.

मुख्य केबल आणि जोडण्याचा क्रम

बीएमएस निगेटिव्हच्या मार्गात बसतो. पॅकच्या मुख्य निगेटिव्हपासून बी-मायनसपर्यंत (बीएमएसच्या बॅटरीकडच्या टोकापर्यंत) एक केबल, आणि पी-मायनसपासून (बीएमएसच्या इन्व्हर्टरकडच्या टोकापासून) इन्व्हर्टरच्या निगेटिव्हपर्यंत दुसरी. मुख्य पॉझिटिव्ह फ्यूज आणि डीसी ब्रेकरमधून थेट इन्व्हर्टरला जाते. काही जुन्या पद्धतीच्या बीएमएसमध्ये चार्जरसाठी सी-मायनस हे वेगळे टोक असते. ज्या इन्व्हर्टरमध्ये चार्ज आणि डिस्चार्ज एकाच केबलने होतो, त्याला असा बीएमएस घेऊ नये. एक नियम मोडू नये: कोणताही दिवा, पंखा, राउटर किंवा सोलर चार्जर थेट बी-मायनसला जोडू नये. जे बी-मायनसला जोडले, ते बीएमएसला दिसत नाही आणि त्याला तोडताही येत नाही.

केबल ३५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची तांब्याची घ्यावी आणि लग हायड्रॉलिक क्रिंपिंग यंत्राने दाबून घ्यावेत. हातोड्याने ठोकलेला लग १०० अँपिअरला टिकत नाही. बीएमएसमधून बी-मायनससाठी दोन किंवा अधिक केबल निघत असतील, तर सर्वच आणि सारख्या लांबीच्या वापराव्यात. फ्यूज १६० अँपिअरचा, डीसीसाठी प्रमाणित आणि हजारो अँपिअरचा शॉर्ट तोडू शकणारा असावा. टी-क्लास किंवा डीसी दर छापलेला एचआरसी, म्हणजे मोठा शॉर्ट तोडणाऱ्या प्रकारचा फ्यूज चालतो. तो पॅकच्या पॉझिटिव्ह टोकापासून शक्य तितक्या जवळ बसवावा. घरात उरलेला एसीचा एमसीबी (घरगुती ब्रेकर) येथे लावू नये. एसीमध्ये प्रवाह दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसीमध्ये ती विझत नाही आणि ब्रेकर आतल्या आत जळतो.

जोडण्याचा क्रम असा ठेवावा. इन्व्हर्टर बंद, सोलरचा ब्रेकर बंद, बॅटरीचा ब्रेकर उघडा, म्हणजे तोडलेला, आणि फ्यूज काढलेला असावा. प्रथम बी-मायनसची केबल घट्ट करावी. नंतर सेन्स कनेक्टर सरळ, एका दाबात आत बसवावा. दोन कनेक्टर असतील तर बी-शून्याचा आधी. त्यानंतर पी-मायनसची केबल जोडावी. माहितीपत्रक वेगळा क्रम सांगत असेल, तर तोच पाळावा. सोडवताना याच्या नेमके उलट जावे. बी-मायनस सुटलेला असताना सेन्स कनेक्टर आत राहिला, तर जाड केबलचा प्रवाह बी-शून्याच्या बारीक वायरीतून वाट शोधतो. काही बीएमएस जोडल्यावर लगेच जागे होत नाहीत. त्यांना बटण दाबावे लागते किंवा चार्जरचा दाब क्षणभर द्यावा लागतो. पी-मायनसला दाब दिसत नाही म्हणून बीएमएस खराब समजण्यापूर्वी हे करून पाहावे.

इन्व्हर्टरच्या आत मोठे कपॅसिटर असतात आणि ते रिकामे असताना पॅक थेट जोडला, तर क्षणभर प्रचंड प्रवाह जातो. ब्रेकरवर ठिणगी पडते आणि बीएमएस शॉर्ट समजून तुटतो. हे टाळण्यासाठी ब्रेकर उघडा ठेवून त्याच्या दोन टोकांवर ५० ओहम, २५ वॅटचा रोधक काही सेकंद धरावा, इन्व्हर्टरच्या टोकांवरचा दाब पॅकच्या जवळ आला की ब्रेकर चढवावा आणि रोधक काढावा. रोधक हाताशी नसल्यास १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब होल्डरसह तेच काम करतो. थंड असताना त्याचा रोध साधारण तेवढाच असतो.

इन्व्हर्टर आणि बीएमएस यांच्यात आरएस-४८५ किंवा कॅनची (माहितीची देवाणघेवाण करणारी) तार जोडायची असेल, तर बीएमएसचे ते पोर्ट आयसोलेटेड, म्हणजे पॅकच्या दाबापासून विद्युतदृष्ट्या वेगळे आहे का, हे आधी तपासावे. बीएमएस तुटलेला असताना बी-मायनस आणि पी-मायनस यांच्यात पूर्ण पॅकचा दाब उभा राहू शकतो, आणि आयसोलेशन नसेल तर तो त्या बारीक तारेतून इन्व्हर्टरच्या किंवा लॅपटॉपच्या पोर्टमध्ये शिरतो.

सेटिंग

ॲप जोडल्यावर प्रथम मूळ पासवर्ड बदलावा. ब्लूटूथच्या टप्प्यात येणारा कोणीही तो वापरून आपला पॅक बंद करू शकतो. सेलची संख्या १६, प्रकार लिथियम आयर्न फॉस्फेट आणि क्षमता २८० एएच भरावी. सेल ३.६५ व्होल्टपर्यंत चढू शकतो, तरी तोडण्याची मर्यादा मी ३.६० ठेवण्याच्या मताचा आहे, आणि परत सुरू होण्याची ३.४५. खालची तोडण्याची मर्यादा २.८०, परत सुरू होण्याची ३.००. डिस्चार्जचा प्रवाह १३० अँपिअर, चार्जचा ८० अँपिअर. बॅलन्सिंग ३.४० च्या वर सुरू व्हावे आणि सेलमधील फरक ०.०१० व्होल्टपेक्षा जास्त असेल तरच चालावे. ३.४० च्या खाली बॅलन्सिंग चालू दिले, तर सपाट भागातले फसवे फरक पाहून बॅलन्सर चांगला पॅक बिघडवतो.

इन्व्हर्टरमध्ये चार्जिंगचा दाब ५६.० व्होल्ट, फ्लोट (बॅटरी भरल्यावर टिकवून ठेवण्याचा दाब) ५४.० आणि बॅटरी कमी झाल्यावर तोडण्याचा दाब ४८.० ठेवावा. म्हणजे प्रत्येक सेलला अनुक्रमे ३.५०, ३.३७५ आणि ३.०० व्होल्ट येतात, आणि बीएमएसच्या मर्यादेपर्यंत दोन्ही बाजूंना मोकळी जागा उरते. शिसे-आम्लाच्या बॅटरीसाठी असलेले इक्वलायझेशन (अधूनमधून जादा दाबाने चार्ज करणे) आणि तापमानानुसार दाब बदलण्याची सोय बंद करावी. जुन्या इन्व्हर्टरवर नवा पॅक चढवताना ही दोन सेटिंग हमखास राहून जातात, आणि मग दर महिन्याला एकदा बीएमएस 'कारण नसताना' तुटतो.

पहिला चार्ज आणि चाचणी

पॅक चालू झाल्यावर ॲपमध्ये दिसणारे सोळाही दाब मल्टिमीटरने थेट सेलच्या टोकांवर मोजून ताडावेत. पहिला चार्ज १५-२० अँपिअरने करावा आणि सुरुवातीला इन्व्हर्टरचा दाब ५५.२ व्होल्टच ठेवावा. अखेरीस एक-दोन सेल इतरांच्या पुढे पळू लागतात; ते साहजिक आहे. बॅलन्सरला काही तास, वेळ पडल्यास काही दिवस काम करू द्यावे आणि फरक कमी झाल्यावर दाब ५६ वर न्यावा. या काळात पॅक लक्ष दिल्याशिवाय सोडू नये.

त्यानंतर बीएमएस खरोखर तोडतो की नाही, हे मुद्दाम तपासावे. चार्जिंग चालू असताना वरची मर्यादा थोडा वेळ चालू दाबाच्या खाली, समजा ३.४० वर आणावी. चार्ज प्रवाह लगेच शून्य झाला पाहिजे. डिस्चार्ज बाजू ॲपमधून बंद करून पाहावी. त्या वेळी इन्व्हर्टर बंद करून, त्याच्या केबल सुट्या केलेल्या असताना मल्टिमीटर पी-मायनस आणि पॉझिटिव्ह यांच्यात काही व्होल्ट दाखवू शकतो, कारण मॉसफेटमधून सूक्ष्म गळती होते. तेथे ४८ व्होल्टचा लहान बल्ब लावल्यास तो पेटत नाही, हा खरा पुरावा. चाचणी होताच मर्यादा पूर्ववत करून पुन्हा वाचून पाहावी.

शेवटी भार. घरातला गिझर किंवा दोन शेगड्या लावून अर्धा तास ५० ते ६० अँपिअर ओढावेत आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक नट, लग, फ्यूज आणि ब्रेकर तपासावा. शेजारच्यांपेक्षा १० अंशांनी तापलेला जोड उघडून, घासून, पुन्हा आवळावा. ॲपमध्ये भार असताना एकच सेल खाली जातो आणि भार काढताच वर येतो, असे दिसल्यास सेलवर शंका घेण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचे बसबार पाहावेत.

पहिल्या महिन्यानंतर एकदा आणि पुढे दर पावसाळ्यापूर्वी सर्व नट टॉर्क पान्याने तपासावेत, पॅक बंद करून कनेक्टरच्या पिना पाहाव्यात आणि पूर्ण चार्जच्या वेळी सेलमधील सर्वांत मोठा फरक वहीत लिहावा. तो फरक वर्षागणिक वाढत असेल, तर एखादा सेल थकतो आहे. पुराचा इशारा मिळाला आणि घर सोडावे लागले, तर इन्व्हर्टर, मग सोलरचा ब्रेकर, मग बॅटरीचा ब्रेकर या क्रमाने बंद करून फ्यूज काढून घ्यावा. तरीही पॅक पाण्यात गेलाच, तर पाणी ओसरल्यावर तो पुसून, वाळवून जोडण्याचा मोह धरू नये. बीएमएसच्या पाटीवर राहिलेला गाळ आणि सेलच्या झडपेतून आत गेलेले पाणी बाहेरून दिसत नाही. असा पॅक घराबाहेर, उघड्यावर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावा आणि टाकाऊ बॅटऱ्या घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.